वुजूच्या आधीचं पाणी

आमच्या जुन्या घरात तोटीचे दोन लोटे होते. एक तांब्याचा, ओसरीत असायचा, वुजूसाठी, म्हणजे नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी. दुसरा जस्ताचा, पोचे पडलेला, मागच्या अंगणात संडासाच्या दाराशी. दादी दोन्ही लोटे सारख्याच निगुतीनं घासायची. पहाटे फजरच्या अजानआधी उठली की तिचा हात आधी त्या पोचे पडलेल्या लोट्याकडे जायचा. "वुजू बाद में, पहले तहारत," असं ती आम्हा नातवंडांना सांगायची. आणि बाहेर येताना एक काम न चुकता करायची. लोटा पुन्हा भरून जागेवर ठेवायची. मागून येणाऱ्याला पाणी शोधत फिरावं लागू नये, एवढंच तिचं म्हणणं.

आज पहाटे बादली भरताना तिची ही सवय आठवली आणि तिथूनच विचार सुरू झाला.

तहारत हा अरबी शब्द. अर्थ पावित्र्य, शुद्धी. पण आमच्या दिग्रस-पुसद-दारव्हा पट्ट्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यात आईनं मुलाला "तहारत की क्या?" असं विचारलं, तर त्याचा अर्थ एकच असतो: पाण्यानं नीट धुतलंस का? शास्त्रात याला इस्तिंजा म्हणतात. मराठीतही तसंच घडलं आहे. शौच म्हणजे शुचिता. पतंजलींनी सांगितलेल्या पाच नियमांत पहिला शौच, मग संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. आज "शौचाला जाऊन येतो" म्हणताना त्या मूळ अर्थाची आठवण कुणाला होत नाही. दोन भाषा, दोन परंपरा, आणि शरीराच्या ज्या कामाचा उच्चार करायला माणूस ओशाळतो, त्याच कामाला दोघींनीही आपल्याकडचा सगळ्यात निर्मळ शब्द दिला. हा योगायोग मला लहान वाटत नाही.

इस्लामी धर्मशास्त्राचे बहुतेक ग्रंथ नमाजपासून सुरू होत नाहीत, तहारतच्या प्रकरणापासून सुरू होतात. पाणी कोणतं चालतं, विहिरीत काही पडलं तर काय करायचं, अंगाला काय लागलं तर किती धुवायचं, हे आधी. अम्मीकडे मौलाना अशरफ अली थानवी यांचं 'बहिश्ती जेवर' होतं. एकेकाळी उर्दू वाचणाऱ्या घरांतून मुलीला निरोप देताना हे पुस्तक सोबत द्यायची पद्धत होती. त्यातही इस्तिंजाचं प्रकरण आहे, आणि तेही मुलींना समजेल अशा साध्या बोलीत. सासरी जाणाऱ्या मुलीला तिच्या आईनं तोंडानं जे सांगायला संकोच केला असता, ते पुस्तकानं सांगितलं.

या संकोचाबद्दल हजरत सलमान फारसी (र.) यांचा एक प्रसंग सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींत, आहे. सलमान सत्याच्या शोधात इराणातून निघून मदिनेला पोचलेले. त्यांना कुणीतरी टोमणा मारला, की तुमचे प्रेषित तुम्हाला विधीला कसं बसायचं तेसुद्धा शिकवतात म्हणे. सलमान चिडले नाहीत आणि खजीलही झाले नाहीत. हो, शिकवतात, असं म्हणून त्यांनी काय शिकवतात तेच सांगितलं. किब्ल्याकडे, म्हणजे काब्याच्या दिशेला, तोंड करून बसायचं नाही. उजव्या हातानं स्वच्छता करायची नाही. दगडांनी स्वच्छता करायची तर तीनपेक्षा कमी दगड वापरायचे नाहीत. शेण किंवा हाड घ्यायचं नाही.

त्या "हो"बद्दल मला फार आदर वाटतो. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. मुलांना नद्यांची नावं शिकवली, पाढे शिकवले, पण हात कसा धुवायचा, अंग कसं स्वच्छ करायचं, हे सांगायची वेळ आली की आम्ही मोठी माणसं घसा खाकरून विषय बदलायचो. मूल मग ऐकीव माहितीवर मोठं होतं आणि त्याला जंत होतात, हगवण लागते, कावीळ होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इस्तिंजानंतर हात जमिनीवर घासून धुतल्याचं हदीसमध्ये आहे. आमच्या वऱ्हाडातल्या आज्या राख नाहीतर चुलीजवळची माती वापरायच्या. आता साबण आहे. व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस या डॉक्टरनं १८४७ साली बाळंतिणींना तपासण्याआधी हात धुण्याचा आग्रह धरला, तेव्हा बरोबरीच्या डॉक्टरांनीच त्याला विरोध केला होता. हात धुवा हे सांगणं कोणत्याच काळी सोपं नव्हतं.

किब्ल्याचा नियम आमच्याकडे गवंड्यांनाही पाठ आहे. यवतमाळ जिल्ह्यातून काबा पश्चिमेला येतो, किंचित उत्तरेकडे झुकलेला. म्हणून मुस्लिम घरात संडासाचं भांडं दक्षिणोत्तर बसवतात, म्हणजे बसणाऱ्याचं तोंडही तिकडे होत नाही आणि पाठही होत नाही. आमचं नवं घर बांधताना गवंडीकाका वारकरी होते, गळ्यात माळ. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, "मास्तर, भांडं दक्षिणोत्तर ना?" मी मान हलवली. शेजारधर्म असाही असतो. दुसऱ्याच्या श्रद्धेची दिशा आपल्या ओळंब्यात ठेवायची.

इस्तिंजाचे नियम पुन्हा पुन्हा वाचताना मला एक गोष्ट जाणवत गेली. त्यांतला अर्धा भाग स्वतःच्या अंगाबद्दल आहे, आणि अर्धा भाग दुसऱ्या माणसाबद्दल. पहिला अर्धा आपण चांगला पाळतो. डावा पाय आधी आत, उजवा आधी बाहेर, आत जाताना अल्लाहचं संरक्षण मागायचं, बाहेर आल्यावर क्षमा मागायची, थेंब थांबेपर्यंत घाई करायची नाही, हे लहानपणापासून अंगवळणी पडतं. दुसरा अर्धा मात्र पुस्तकातच राहतो.

त्या दुसऱ्या अर्ध्याचं मूळ मला एका हदीसमध्ये दिसतं. प्रेषित दोन कबरींजवळून जात होते. त्यांनी सांगितलं की या दोघांना यातना होत आहेत, आणि त्याही लोकांना मोठ्या न वाटणाऱ्या गोष्टींमुळे. एक जण लघवीच्या शिंतोड्यांपासून स्वतःला जपत नसे. दुसरा माणसामाणसांत चहाड्या करत फिरे. मग त्यांनी खजुराची एक ओली फांदी घेतली, ती उभी चिरली आणि दोन्ही कबरींवर एकेक भाग रोवला. ती वाळेपर्यंत तरी यांचा त्रास हलका व्हावा, अशी आशा व्यक्त केली.

लहानपणी मला वाटायचं की ही दोन पापं जोडीनं का सांगितली? कुठे लघवीचा शिंतोडा आणि कुठे चहाडी. वय झाल्यावर कळलं की दोन्हींचा स्वभाव एकच. दोन्हीही माणसाच्या बेफिकिरीतून उडतात आणि कुठे जाऊन पडले ते उडवणाऱ्याला दिसत नाही.

याच धाग्याला लागून आणखी एक प्रसंग आहे. मदिनेत सुरुवातीच्या काळात घरांजवळ शौचकूप नव्हते. हजरत आयेशा (र.) यांनीच सांगितलं आहे की घरातल्या स्त्रिया वस्तीबाहेरच्या मोकळ्या जागी जात, आणि तेही फक्त रात्री. अशाच एका रात्री सोबतच्या बाईचा पाय चादरीत अडकला, ती अडखळली, तिच्या तोंडून रागाचे शब्द गेले, आणि बोलता बोलता हजरत आयेशांना कळलं की गावात आपल्या चारित्र्याबद्दल कुजबूज सुरू आहे. पुढे त्या कुजबुजीला कुरआननंच खोटं ठरवलं. पण तो अंधार, ती वाट आणि त्या वाटेवर ऐकावी लागलेली बदनामी, हे वाचलं की मला आमच्या गावाची गोदरी आठवते.

गोदरी हा शब्द नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. अरुणावतीच्या काठचं आमचं गाव. पुरुषांची बाजू नदीकडे, बायांची बाजू काटेरी बाभळींच्या आडोशाला. बाया सूर्य उगवायच्या आत जायच्या, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात पोटात कळ आली तरी दाबून ठेवायच्या. दुपारनंतर पाणी कमी प्यायच्या, रात्री भाकरी अर्धीच खायच्या. रस्त्यानं मोटारसायकलचा उजेड आला की सगळ्या उठून उभ्या राहायच्या. दादीनं आमच्या अंगणात संडास बांधायचा हट्ट धरला तो सुनांसाठी. तिनं त्यासाठी हातातल्या चांदीच्या गोटांची जोडी मोडली. तिला हदीसचे ग्रंथ वाचता येत नव्हते, पण सुनेला अंधारात काट्याकुट्यांत पाठवून घरातल्या पुरुषांनी पहिल्या रांगेत नमाजला उभं राहावं, हे तिला पटत नव्हतं.

प्रेषितांनी तीन जागा विधीसाठी वर्ज्य केल्या: पाण्याचे घाट, लोकांची ये-जा असलेला रस्ता आणि सावली. तिथे घाण करणं म्हणजे लोकांचे शिव्याशाप ओढवून घेणं. साचलेल्या पाण्यात लघवी करायलाही मनाई केली. पाणी आणि रस्ता समजतो, पण सावलीचं मोल कळायला यवतमाळचा मे महिना बघावा लागतो. पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेलेला, काळी जमीन भेगाळलेली, मैलभर एखादाच कडुनिंब. पऱ्हाट्या वेचून निघालेली बाई, मेंढरांमागचा पोरगा, सायकलवरचा बांगड्या विकणारा, सगळे त्याच एका सावलीला येतात. त्या सावलीत घाण करणाऱ्यानं कितीही पाण्यानं स्वतःला धुतलं तरी त्याची तहारत पुरी झाली, असं मी म्हणणार नाही.

पाण्याची गोष्टही इथेच सांगतो. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. घरोघरी शौचालयासाठी बारा हजारांचं अनुदान मिळालं होतं, आणि त्यानं खरोखर अनेक बायांची अंधारातली वाट थांबली, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच उन्हाळ्यात यवतमाळ शहराची तहान भागवणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले होते. नळाला दोन-दोन आठवडे पाणी येत नव्हतं. टँकर गल्लीत शिरला की ड्रम, घागरी, तेलाचे रिकामे डबे घेऊन माणसं धावायची. आधुनिक टाकीची साखळी ओढली की एका वेळी सहा-सात लिटर पाणी जातं. तेवढं आणायचं कुठून?

त्या दिवसांत मला प्रेषितांची मापं आठवली. ते एका 'मुद' पाण्यात वुजू करत. मध्यम बांध्याच्या माणसानं दोन्ही हात जोडून केलेली एक भरली ओंजळ म्हणजे मुद, आजच्या हिशोबात पाऊण ते एक लिटर. संपूर्ण स्नान चार-पाच मुदांत. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी पाणी उधळू नका, अशी ताकीद. ही वाळवंटातली मापं आमच्या कोरड्या मोहल्ल्यातल्या पोरांनी त्या उन्हाळ्यात शिकून घेतली. मशिदीच्या वुजूखान्यातल्या तोट्या बंद करून प्रत्येकाला एकेक लोटा मोजून देणारे लोक मी पाहिले. कुणी कुरकुर केली नाही. आज पाणी आहे, तर त्याच तोट्या दात घासून होईपर्यंत मोकळ्या वाहतात. हे मला बघवत नाही.

अम्मीची शेवटची तीन वर्षं अर्धांगवायूनं अंथरुणात गेली. जन्मभर इस्तिंजा, वुजू, नमाज यांत कधी कसर न ठेवलेली बाई. तिला स्वतःच्या अंगाचं काहीच करता येईना. लघवीवर ताबा राहिला नाही. माझी धाकटी बहीण सगळं करायची, कोमट पाणी, मऊ फडकं, चादर बदलणं, दिवसातून चार-पाच वेळा. अम्मीचं तेवढ्यानं समाधान व्हायचं नाही. "मैं पाक हूँ क्या?" एवढा एकच प्रश्न ती विचारत राही. पुन्हा धू म्हणे, पुन्हा पूस म्हणे. थंडीतही. बहीण एकदा मोरीत जाऊन रडली, मी पाहिलं.

शेवटी आम्ही मोहल्ल्यातल्या वयस्कर मौलानांना घरी बोलावलं. ते अम्मीच्या उशाशी बसले आणि त्यांनी तिला समजावलं की शरिअतमध्ये अशा माणसाला माजूर म्हणतात. ज्याचा थेंब थांबत नाही, त्यानं प्रत्येक नमाजच्या वेळेला एकदा वुजू करावं, पुढे काय गळलं त्याची चिंता करू नये, त्याची नमाज होते. शंकेनं खात्री मोडत नाही. अल्लाह कुणावरही त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं टाकत नाही, असं कुरआन सांगतो. सतत नापाक असल्याची ही जी भीती आहे तिला वसवसा म्हणतात, आणि ती सैतानाकडून येते, अल्लाहकडून नाही. अम्मीनं डोळे मिटले. त्या रात्री तिनं झोपूनच, मानेच्या इशाऱ्यानं इशाची नमाज अदा केली आणि पुन्हा धुवायला सांगितलं नाही. बहिणीनं त्या तीन वर्षांत जे केलं, त्याला मी इबादत म्हणतो.

बहिणीच्या त्या हातांकडे बघताना आणखी काही हात आठवले, ज्यांच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

जुन्या यवतमाळात आणि तालुक्याच्या गावांत पाटीचे संडास होते. वाड्यांना मागच्या बोळात एक खिडकीवजा दार असायचं. पहाटे एक बाई यायची, पाटी ओढायची, मैला डोक्यावर न्यायची. आमच्या मोहल्ल्यातही यायची. आम्ही तिला मेहतरीण म्हणत होतो. मेहतर या फारसी शब्दाचा अर्थ काय, तर मोठा, थोर. म्हणजे इथेही शब्द उंचातला दिला, आणि माणसाला मात्र ओसरीची पायरीही चढू दिली नाही. प्यायला पाणी वरून ओतलं. आम्ही अंग पाण्यानं धुतलं, डाव्या-उजव्या हाताचा नियम पाळला, कपड्यावर एक थेंब पडू दिला नाही, आणि आमची सगळी घाण एका बाईच्या डोक्यावर दिली. तिच्या पाटीतून पावसाळ्यात काय गळत होतं ते आम्ही बघितलं नाही. दोन कबरींची हदीस दर रमजानमध्ये ऐकणाऱ्या घरांतली ही गोष्ट आहे. इस्लामनं माणसामाणसांत अस्पृश्यता मानलेली नाही, तरी आम्ही ती पाळली. याची लाज मला वाटते आणि ती लिहून ठेवणं मी माझं कर्तव्य समजतो.

हे बदलावं म्हणून आमच्याच भागात माणसं झिजली. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा आधी गाव झाडून मग कीर्तनाला उभे राहिले. वर्धा नदीपलीकडच्या सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात संडास साफ करण्याचं काम आश्रमवासी स्वतः करत. हातानं मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ साली झाला, दुसरा अधिक कडक कायदा २०१३ साली. पाटीचे संडास गेले. त्यांच्या जागी सेप्टिक टँक आले आणि ते भरले की झाकण उघडून माणूस आत उतरवला जातो. आतल्या वायूनं तो बेशुद्ध पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली दहा लाखांची भरपाई ठरवली होती, २०२३ साली ती तीस लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागली, म्हणजे माणसं उतरवणं अजून थांबलेलं नाही.

दोन शोषखड्ड्यांचं शौचालय असेल तर हा प्रश्नच येत नाही. एक खड्डा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. वर्ष-दीड वर्षात पहिल्यातल्या मैल्याचं खत होतं, त्याला वास राहत नाही. आपल्या भाषेनं त्याला सोनखत म्हटलं आहे. लोटाभर, दोन लोटे पाण्यात ते भांडं साफ होतं. आमच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर जिरत नाही, म्हणून खड्ड्याभोवती वाळूचा आणि खडीचा थर द्यावा लागतो. एवढी काळजी घेतली की काम भागतं. नवं घर बांधणाऱ्यांनी गवंड्याशी दिशेबद्दल बोलताना खड्ड्यांबद्दलही बोलावं.

आणि ज्यांच्याकडे सेप्टिक टँक आहे, मग ते घर असो, मशीद असो, मंदिर असो, मंगल कार्यालय असो, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. टँक भरला तर नगरपालिकेची उपसा गाडी मागवा. चार दिवस थांबावं लागलं तर थांबा. कुणी दोन-तीन हजारांत माणूस उतरवतो म्हणाला, तर त्याला नाही म्हणा, आणि शेजाऱ्याच्या टँकवर माणूस उतरताना दिसला तर जाऊन थांबवा.